आधी साक्ष, मग माफी

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचे नाव ‘राजकीय माफी आणि लोकांचा विश्वास’ असे छापले आहे. सरकारातला भ्रष्टाचार उघडकीला आल्यावर सत्तेवरच्या माणसाने माफी मागितली, तर लोकांचा विश्वास परत येतो का आणि येत असेल तर कशामुळे येतो, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर मी आज देणार आहे. परंतु त्याआधी एका शब्दाबद्दलची माझी जुनी तक्रार तुम्हाला ऐकवायची आहे, कारण ती समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

तो शब्द आहे दिलगिरी. आपल्या सरकारी पत्रांत, मंडळांच्या खुलाशांत आणि पुढाऱ्यांच्या निवेदनांत चूक झाल्यावर हाच शब्द येतो. फारसीतला दिलगीर म्हणजे खिन्न, मन झाकोळलेला माणूस. म्हणजे दिलगिरी ही बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था झाली. मराठीचे व्याकरण याबाबतीत फार प्रामाणिक आहे. दिलगिरी आपण ‘व्यक्त करतो’ आणि माफी ‘मागतो’. व्यक्त करायला समोर कोणी असावे लागत नाही. मागायला मात्र समोर देणारा लागतो, आणि जो देणारा असतो त्याला ‘देत नाही’ म्हणण्याचाही अधिकार असतो. आपल्या सार्वजनिक जीवनाने माफी सोडून दिलगिरी पत्करली, तेव्हा लोकांचा हा नाही म्हणण्याचा अधिकार कोणाच्या लक्षातही न येता गेला, असे माझे म्हणणे आहे.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेचा मोठा भाग तिने आमच्या गावातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेव म्हणून ठेवला. संस्थेचे नाव मी घेणार नाही. एके दिवशी ठेवी परत मिळणे थांबले, खिडकीवर ‘उद्या या’ सुरू झाले, आणि काही महिन्यांनी एका मंगल कार्यालयात वार्षिक सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली. सभागृह गच्च भरले होते. अध्यक्ष उभे राहिले, त्यांचा आवाज दाटून आला, त्यांनी डोळे पुसले आणि संचालक मंडळाच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. मी आईच्या शेजारी बसलो होतो आणि रागाने आलेल्या त्या सभेची ताठर मान कशी हळूहळू सैल होत गेली, हे मी पाहिले आहे. आपल्या माणसांना समोर रडणारा माणूस पाहवत नाही. ही आपली चांगली गोष्ट आहे आणि तिचाच आपल्याविरुद्ध उपयोग होतो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. आयुष्यभर एका कापड दुकानात त्यांनी दिवाणजी म्हणून वह्या लिहिल्या होत्या. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, की अध्यक्षसाहेब, थकीत कर्जे कोणाकोणाला दिली होती त्याची यादी वाचून दाखवता का? अध्यक्ष म्हणाले, लेखापरीक्षण चालू आहे, आत्ता त्यावर बोलणे उचित होणार नाही. गृहस्थ म्हणाले, मग दिलगिरी कशाबद्दल, तेवढे तरी सांगा. त्यावर आभारप्रदर्शन झाले आणि सभा संपली. पुढे सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी झाली, प्रशासक आला, मुद्दलातला काही भाग तुकड्यातुकड्यांनी परत मिळाला, आणि ती यादी अखेर बाहेर आली. थकबाकीदारांत संचालकांच्याच घरची माणसे होती. यादी ऐकल्यावर आईने मला विचारले, “मग त्या दिवशी तो कशासाठी रडला रे?” या प्रश्नाचे उत्तर मी त्यानंतर बरीच वर्षे शोधत राहिलो, आणि ते मला दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाच्या एका निकालपत्रात सापडले. म्हणून आजच्या वेळेतला मोठा भाग मी त्या निकालाला देणार आहे.

त्या प्रकरणाची हकिकत तुमच्यापैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पार्क गुन-हे २०१३ साली राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्यांची आई १९७४ मध्ये आणि वडील, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही, १९७९ मध्ये गोळीला बळी पडले होते. चोई सून-सिल ही त्यांची अनेक दशकांची मैत्रीण. तिच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. पण ‘मीर’ आणि ‘के-स्पोर्ट्स’ या दोन प्रतिष्ठानांसाठी देशातल्या मोठ्या उद्योगसमूहांकडून सुमारे ७,७४० कोटी वॉन गोळा झाले होते, आणि त्या प्रतिष्ठानांची सूत्रे या बाईंच्या हाती होती. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी जेटीबीसी या वाहिनीने एका टॅब्लेट संगणकातल्या फाइली दाखवल्या. राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांचे मसुदे, ती भाषणे होण्याआधीच, चोई यांच्यापर्यंत पोचत होते.

दुसऱ्याच दिवशी पार्क यांनी पहिली माफी मागितली. आधीच चित्रमुद्रित केलेले ते निवेदन दोन मिनिटांचेही नव्हते आणि त्यानंतर पत्रकारांचे प्रश्न घेतले गेले नाहीत. त्यात त्यांनी सांगितले की निवडणुकीच्या काळात आणि पदावर आल्यावर आपली सल्लागार यंत्रणा नीट बसेपर्यंत काही भाषणांबाबत चोई यांचे मत घेतले होते. हे वाक्य ध्यानात ठेवा. वरवर ती कबुली वाटते, पण खरे तर ते एक विधान आहे: किती काळ आणि कशाबाबत, याचे विधान. आणि विधान तपासता येते.

दुसरी माफी ४ नोव्हेंबरला आली. ती लांब होती आणि माणूस म्हणून ऐकली तर काळजाला हात घालणारी होती. आपण एकट्या राहिलो, नातेवाइकांनाही दूर ठेवले, म्हणून जवळच्या व्यक्तीबाबत सावधपणा सुटला, असे त्या म्हणाल्या. ‘यासाठीच का मी राष्ट्राध्यक्ष झाले’ अशी स्वतःबद्दल विषण्णता वाटते, असेही म्हणाल्या. त्या देशात हेच वाक्य पुढे घराघरांत थट्टेचा विषय झाले. मला त्या थट्टेत सामील होता येत नाही, कारण ते दुःख खोटे होते असे मला वाटत नाही. पण त्याच भाषणात त्यांनी एक वचन दिले होते, की आवश्यक असेल तर सरकारी वकिलांच्या चौकशीला आणि स्वतंत्र अभियोक्त्याच्या तपासालाही आपण सामोऱ्या जाऊ. त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या गॅलप कोरियाच्या पाहणीत त्यांच्या कारभाराला पसंती देणारे लोक ५ टक्के होते. महिन्याच्या अखेरीस ते ४ टक्के झाले. म्हणजे अश्रूंनी विश्वास वाढला नाही.

२० नोव्हेंबरला सरकारी वकिलांनी चोई यांच्यावर आरोप ठेवताना राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख साथीदार म्हणून केला, आणि लगेच त्यांच्या वकिलाने जाहीर केले की सरकारी वकिलांच्या चौकशीला आता त्या सामोऱ्या जाणार नाहीत. २९ नोव्हेंबरच्या तिसऱ्या निवेदनात आपण एक क्षणही खासगी लाभ पाहिला नाही, आपल्या भोवतालच्या माणसांवर लक्ष ठेवण्यात चूक झाली, असे सांगून आपल्या कार्यकाळाचे काय करायचे ते त्यांनी संसदेवर सोपवले. दर शनिवारी सोलच्या ग्वांगह्वामुन चौकात मेणबत्त्या घेऊन जमणारी गर्दी या निवेदनानंतर ओसरली नाही, उलट ३ डिसेंबरला ती सर्वांत मोठी झाली. ९ डिसेंबरला संसदेत २३४ विरुद्ध ५६ मतांनी महाभियोग मंजूर झाला. पुढे फेब्रुवारीत स्वतंत्र अभियोक्त्याची माणसे झडतीसाठी राष्ट्राध्यक्षांच्या निवासी कार्यालयाच्या दाराशी गेली, तेव्हा त्यांना आत घेतले गेले नाही.

आता त्या महाभियोगावरचा निकाल. १० मार्च २०१७ रोजी घटना न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने पार्क यांना पदावरून दूर केले. त्यांचा मूळ दोष खासगी व्यक्तीच्या लाभासाठी अधिकाराचा गैरवापर हाच होता. परंतु हा दोष पदच्युतीइतका गंभीर आहे का, याचा विचार करताना न्यायालयाने त्यांच्या माफ्या हातात घेतल्या आणि पुराव्याच्या कागदासारख्या तपासल्या. पहिल्या निवेदनातला काळ आणि तपशील वस्तुस्थितीशी जुळत नाही, कारण गोपनीय कागद २०१६च्या एप्रिलपर्यंत बाहेर जात होते. म्हणून त्या माफीत सचोटी उणी होती, असे न्यायालयाने नोंदवले. सत्यशोधनाला सहकार्य करण्याचे वचन दिले, पण चौकशीला तोंड दिले नाही आणि झडतीलाही नकार दिला. यावरून राज्यघटना पाळण्याची इच्छा दिसत नाही, असेही नोंदवले.

श्रोतेहो, हा परिच्छेद पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. सचोटी ही मनातली गोष्ट आहे, ती आवाजावरून, डोळ्यांवरून ओळखायची, असेच आपण समजत आलो आहोत. न्यायालयाने मनात शिरण्याचा प्रयत्नच केला नाही. माफीत सांगितलेली तारीख आणि कागदावरची तारीख त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. दिलेले वचन आणि बंद राहिलेले दार शेजारी शेजारी ठेवले. आईच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. तो माणूस कशासाठी रडला, हे ठरवण्याची गरजच नव्हती. यादी वाचली की नाही, एवढेच पाहायचे होते, आणि त्या दिवाणजींनी ते बरोबर पाहिले होते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत, आणि ज्यासाठी तुम्ही आलात तो मुद्दा अजून मांडायचा आहे. तेव्हा भारताकडे येतो.

आपल्याकडे माफीची जागा राजीनाम्याने घेतली आहे. ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा’ हे वाक्य आपल्या इतके ओळखीचे झाले आहे, की कोणत्या कृत्याची जबाबदारी, हे विचारायचे आपण विसरतो. १९५७च्या जूनमध्ये नव्याने राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १.२४ कोटी रुपयांचे समभाग घेतले, आणि डिसेंबरात सत्ताधारी पक्षाच्याच फिरोज गांधी यांनी लोकसभेत हे प्रकरण लावून धरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, आणि त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली. मंत्री, सचिव, महामंडळाचे अधिकारी असे सगळे लोकांच्या देखत उलटतपासणीला उभे राहिले. व्यवहार आपल्या संमतीने झाला नाही, अशी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांची भूमिका होती. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच आहे, असे छागलांनी सांगितले. १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री पायउतार झाले. हे सगळे काही आठवड्यांत झाले. पुढे १९६३ मध्ये कृष्णम्माचारी पुन्हा अर्थमंत्री झाले, म्हणजे राजीनाम्याने कायमचे काही घडत नाही; पण आज साठसत्तर वर्षांनीही त्या प्रकरणाचा उल्लेख आदराने होतो तो त्या उघड्या सुनावणीमुळे, असे माझे मत आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, की सत्तेवरच्या माणसाची माफी ही साक्ष मानली जावी. आपल्या फौजदारी कायद्यात ‘माफीचा साक्षीदार’ आहे. त्याला माफी मिळते ती एका अटीवर, की आपल्याला माहीत असलेली सर्व हकिकत त्याने पूर्ण आणि खरी सांगितली पाहिजे. त्याने जाणूनबुजून काही दडवले, तर त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालू शकतो. सामान्य गुन्हेगाराला लावलेली ही अट मंत्र्याला का नसावी? लोकसभेच्या कामकाजाचा नियम ३७२ पाहा: मंत्र्याने सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर निवेदन केले, तर त्या वेळी त्याला प्रश्न विचारता येत नाही. नियम १९९ पाहा: राजीनामा दिलेल्या मंत्र्याला निवेदन करता येते, पण त्यावर चर्चा होत नाही. म्हणजे ज्या क्षणी विचारायचे, नेमक्या त्याच क्षणी सभागृहाला गप्प बसायला सांगितले आहे. हे दोन नियम बदलावेत. गैरव्यवहाराच्या प्रकरणातली माफी वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर मागितली जाऊ नये, ती सभागृहात मागावी. तिच्यात तारखा, रकमा आणि नावे असावीत, लगेच प्रश्न विचारले जावेत, आणि कोणते दप्तर चौकशीला कधी उघडे होईल ते त्याच दिवशी पटलावर यावे.

यावर वकील मंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो हलका नाही. घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. मग मंत्र्याने स्वतःचा खटला स्वतःच का बिघडवावा? माझे उत्तर असे, की सक्ती मी कोणावरच करत नाही. ज्याला बोलायचे नाही त्याने पद सोडावे आणि न्यायालयात गप्प राहण्याचा आपला हक्क बजावावा. पण ज्याला माफी मागून पदावर राहायचे आहे, त्याच्यासाठी घटनेत कलम १०५ आहे, विधिमंडळात कलम १९४ आहे: सभागृहात बोललेल्या शब्दासाठी सदस्याला कोणत्याही न्यायालयात खेचता येत नाही. हे संरक्षण माझ्या आईला त्या मंगल कार्यालयात नव्हते, त्या दिवाणजींना नव्हते, आणि तरीही ते उठून बोलले. मंत्र्यांना ते १९५० पासून आहे.