साथीच्या कादंबऱ्या आणि साथीच्या नोंदी

(दृश्य : निर्मनुष्य हमरस्ता. वाऱ्यावर उडणारे कागद.)

महासाथीवरच्या डिस्टोपियन, म्हणजे भयाण भविष्य रंगवणाऱ्या, कथांमधलं हे ठरलेलं दृश्य. जॅक लंडन यांच्या 1912 सालच्या ‘द स्कार्लेट प्लेग’मध्ये तर चेहरा लाल झाला की तासाभरात माणूस संपतो. काही जण दहा-पंधरा मिनिटांतच. कादंबरीला अशी घाई लागतेच. पानं मोजकी असतात.

रोगाला ही घाई सहसा परवडत नाही; माणूस लगेच संपला तर रोग पसरणार कसा? 2003 मधला सार्स हा श्वसनाचा आजार घ्या. नोंदलेल्या सुमारे 8,100 रुग्णांपैकी 774 दगावले, म्हणजे जवळपास दहातला एक. तरीही तो आवरता आला. सार्सचा रुग्ण आधी तापाने फणफणायचा, आणि त्याच्यापासून इतरांना लागण व्हायची ती मुख्यतः त्यानंतर. तोवर त्याला वेगळं ठेवायला सवड मिळे. कोविड त्यामानाने कमी मारक; पण तो लक्षणं दिसण्याआधीच पसरत गेला, आणि नुसते नोंदलेले मृत्यूच 70 लाखांवर पोहोचले. खलनायक म्हणून सार्स शोभला असता.

(दृश्य : हाताने भरलेले तक्ते, आकड्यांचे रकाने.)

आल्बेर कामूंच्या ‘द प्लेग’ या कादंबरीला, 1947 साली, हे संथपण उमगलं होतं. अल्जीरियातल्या ओरान शहरात साथीच्या पहिल्या सूचना लहानशा कागदांवर, सहज नजरेत न येणाऱ्या कोपऱ्यांत चिकटवल्या जातात. आणि नायक हवाच असेल तर निवेदक नाव पुढे करतो ते ग्राँचं. हा नगरपालिकेतला साधा कारकून. साथीची आकडेवारी लिहून ठेवणारा.

2014 साली पश्चिम आफ्रिकेत इबोला फैलावला, तेव्हाही कामाचा मोठा भाग हाच होता. रुग्णाच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकावर 21 दिवस नजर ठेवायची. रोज विचारायचं, ताप आहे का? लिहून घ्यायचं. पुढचं घर. यावर थरारपट काढून दाखवावा कोणीतरी!

मग कथांमधला तो पिसाळलेला जमाव खोटा का? नाही. सप्टेंबर 2014 मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांना ठार मारण्यात आलं. पण कथेतला जमाव रोगाला घाबरतो. इथे भीती परक्यांची होती; तेच रोग घेऊन येतात, असं लोकांना वाटत होतं.

साथीच्या त्या पट्ट्यात दफनावरूनही लोक दुखावले होते. इबोलाची लागण मृतदेहातूनही होते, म्हणून संरक्षक पोशाखातली माणसं येत आणि देह पिशवीत घालून नेत. घरच्यांना धड निरोपही घेता येत नसे.

(दृश्य : जुन्या लंडनचा नकाशा. ऑल्डगेट.)

हे दुःख डॅनियल डिफोने 1722 मध्येच ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ या कादंबरीत लिहून ठेवलंय. विषय 1665 चा लंडनचा प्लेग. रात्री ऑल्डगेटच्या, प्रेतं पुरायच्या सामायिक खड्ड्यापाशी तपकिरी झगा पांघरलेला एक माणूस येतो. प्रेतांच्या गाडीत त्याची बायको-मुलं आहेत. तोवर त्याने स्वतःला सावरलेलं असतं. देह नीट ठेवले जातील, एवढीच त्याची अपेक्षा. गाडी सरळ खड्ड्यात रिकामी होते, आणि तो कोसळतो.

नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इबोलाच्या दफनाचे नवे नियम काढले. आधी घरच्यांशी बोलायचं. इमाम किंवा पाद्री बोलवायचे. मृत मुस्लिम असेल तर पाण्याविना शुद्धीचा विधी, मग कफन. देह उचलायचा तो त्यानंतर.