सम कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला लागण्याआधी इथं स्टुडिओतल्या टेबलावर बोटांनी एक ठेका धरतो. जरा कान द्या. ती ती ना, धी ना, धी ना. ती ती ना, धी ना, धी ना. हा आपला रूपक. मात्रा सात, तीन, दोन, दोन अशा. तबला शिकणाऱ्या मुलाला हा ठेका लवकर येतो, आणि येतानाच त्याला सांगितलं जातं की बाकीच्या तालांत समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी असते, रूपकात मात्र समेवरच काल, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात.

हा रूपक बरोबर घेऊन मी माटुंग्याला मृदंगम या दक्षिणेकडच्या तालवाद्याच्या एका गुरुजींकडे गेलो, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. वीस वर्षं तबल्याची साथ करत होतो, पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच गायकांबरोबर बसलो होतो. गुरुजी म्हणाले, "रूपकम् हातावर धरा." मी सात मात्रा धरल्या. ते थांबले, हसले नाहीत, आणि शांतपणे स्वतःच्या मांडीवर सहा मात्रा मोजून दाखवल्या. दोन आणि चार. त्यांच्या कर्नाटक संगीतात रूपकम् सहाचा. आपल्या सात मात्रांसाठी त्यांच्याकडे मिश्र चापू आहे. तकिट तकधिमि, तकिट तकधिमि. एकच नाव दोन घरांत दोन वेगळ्या माणसांचं असावं, तसं हे.

नावाचा घोटाळा पाच मिनिटांत सुटला. जे सुटायला पुढची दीड-दोन वर्षं लागली, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आपल्याकडे तबलजी ठेका वाजवतो आणि त्या ठेक्यावर गायक आपली जागा ओळखतो. तबलजीचा स्वतंत्र वादनाचा कार्यक्रम असला, की पेटीवाला किंवा सारंगीवाला लेहरा धरतो. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, समेवर येणारी. तबलजी त्या लेहऱ्याच्या भरवशावर वाटेल तेवढा लांब जाऊन येतो. कर्नाटक संगीतात ही सोय नाही. मृदंगमवाला आपल्यासारखा ठरलेला ठेका धरत नाही, तो कृतीच्या, म्हणजे गायल्या जाणाऱ्या रचनेच्या, अंगाने वाजवत राहतो. ताल असतो गायकाच्या हातात, मांडीवर. आदि ताल असेल तर एक टाळी आणि तीन बोटं, मग टाळी-उलटा हात, टाळी-उलटा हात. समोर बसलेले श्रोतेसुद्धा तो धरतात. आणि शिकणाऱ्याला हे हाताने करता करता तोंडाने बोल म्हणायचे असतात. त्याला कोन्नक्कोल म्हणतात.

मला वाटलं, पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, तर आपणही करतो. बसलो म्हणायला. चौथ्या आवर्तनात माझा हात माझ्या तोंडामागे धावायला लागला. बोल दाट झाले की टाळी पुढे सरकायची, बोल विरळ झाले की रेंगाळायची. गुरुजींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "तोंडाला जायचं तिथं जाऊ द्या. हात घरी बसलेला पाहिजे." त्या दिवशी मला कळलं की वीस वर्षं मी सम सांभाळत नव्हतो. माझी सम पेटीवाला सांभाळत होता. लेहरा काढून घेतला की माझ्याजवळ फक्त पाठ केलेल्या तिहाया, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणायचे तुकडे, होत्या. त्या मोजून बसवलेल्या होत्या, म्हणून समेवर येत होत्या.

तबल्याचा मी जन्मभर रियाज केला, आणि त्यातली ही मोठी उणीव मला तबल्याने दाखवली नाही. ती दाखवायला मृदंगम लागला. दुसऱ्या संगीताकडे गेलं की आपल्या पोतडीत नवीन चीजा जमा होतात, असं आपण समजतो. त्या होतातच. पण त्याच्या आधी एक गोष्ट होते: आपल्या घरात जे काम दुसरं कुणीतरी गुपचूप करत होतं, ते उघडं पडतं. तेवढ्यासाठी तरी घराबाहेर पडायला हवं, असं मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो.

याआधी एकदा मी असाच बाहेर पडलो होतो, पण तेव्हा पोटासाठी. वय चोविसाचं. सोलापूर रस्त्यावरच्या एका कला केंद्रात तबल्याला माणूस हवा होता. संगीत बारी, म्हणजे लावणीचा कार्यक्रम. पेटी, तबला आणि ढोलकी. ढोलकीवर साठीचे एक गृहस्थ होते. शाळेत गेलेले नसावेत, पण त्यांच्या हातातली धुमाळी ऐकून माझी मान आपोआप हलायची. आठ मात्रांचा साधा ठेका. मी तो शिकलेला होतो, परीक्षेत वाजवलेला होता. पहिल्या रात्री मी हुरूप येऊन त्यात दीडपट, पावणेदोनपट लयीचे तुकडे पेरले. एकही चुकला नाही. बारी संपल्यावर ते पान लावता लावता म्हणाले, "गणित झकास हाय तुमचं. पर बाईंच्या डोळ्याकडं एकदा तरी बघितलं का?"

बघितलं नव्हतं. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ घेऊन बसते आणि ती दहा वेळा दहा तऱ्हांनी सांगते. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा नुसती भुवई उचलून. शब्द तेच, चाल तीच. अदा बदलते. ढोलकीवाल्याला पुढची अदा आधी कळावी लागते, कारण भुवई उतरते त्या क्षणाला हात थांबलेला असला पाहिजे, आणि पाऊल उचललं जातं त्या क्षणाला डावीकडचा घुमारा भरलेला असला पाहिजे. हे मात्रा मोजून होत नाही. मोजणारा नेहमी एका श्वासाने मागे राहतो.

मी तिथं आठ महिने होतो. परत पुण्याला आलो आणि माझ्या गुरुजींसमोर एका ख्यालाला साथीला बसलो. विलंबित एकताल. गाणाऱ्या बाई मुखडा, म्हणजे बंदिशीची समेकडे नेणारी सुरुवात, उचलण्याआधी खांदा किंचित वर घेतात, हे मला पहिल्यांदा दिसलं. त्यांच्याबरोबर मी याआधी चार वर्षं बसत होतो. मैफल संपल्यावर गुरुजी एवढंच म्हणाले, "आता तुला गाणं ऐकू यायला लागलं." मी कुठे होतो, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

का सांगितलं नव्हतं? भीती होती म्हणून. "बाहेरचं वाजवलंस तर हात बिघडेल" हे वाक्य तबला शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यात लावणीबद्दलची आणि ती सादर करणाऱ्यांबद्दलची जी तुच्छता मिसळलेली असते, ती मला मुळीच मान्य नाही. त्या ढोलकीवाल्यांचं ऋण मी जाहीरपणे मानतो. पण वाक्यातला दुसरा अर्धा भाग खोटा नाही. ज्याचा कायदा, म्हणजे तबल्यातली पायाची बंदिश, अजून उभा राहिलेला नाही, ज्याच्या चाटेचा, म्हणजे तबल्याच्या किनारीवरच्या बोलाचा, आवाज दर वेळी वेगळा येतो, त्याने सहा महिन्यांत चार वाद्यं हाताळली तर त्याचा हात खरोखर बिघडतो. पखवाजावर उघड्या पंजाची थाप, तबल्यावर बोटाची किनार, ढोलकीवर आणखी तिसराच ताण. हाताला एक मायबोली आधी यावी लागते. ती आली की मग परकी भाषा तिला पुसत नाही, उलट धार लावते.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे भास्करबुवा बखले. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गायचे. आवाज फुटला आणि शिकायला बाहेर पडले. फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेर, नत्थन खाँ यांच्याकडे आग्रा आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूर, अशा तीन गायकी त्यांनी शिकल्या. एका घराण्याची चीज दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून जपणारे ते दिवस. पण बुवांनी तीन उंबरठ्यांवर नुसतं डोकावलं नाही, प्रत्येक ठिकाणी ते शागीर्द म्हणून राहिले, सेवा केली. आणि 1916 साली 'स्वयंवर'च्या पदांना चाली द्यायची वेळ आली, तेव्हा ती सगळी विद्या तीन-चार मिनिटांच्या नाट्यपदात उतरली आणि घराघरांत पोचली. मुळात आपलं संगीत नाटकच अशा देवघेवीतून उभं राहिलेलं. 1882 च्या 'सौभद्रा'त साक्या-दिंड्या आहेत, कीर्तनाचं वळण आहे, लावणीचं आहे, कानडी चाली आहेत.

आणि कुमार गंधर्व. त्यांच्याविषयी बोलताना मला थोडं थांबावंसं वाटतं.

बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली त्यांचा जन्म. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून ते हुबेहूब तसंच गाऊन दाखवत. लोक थक्क होत. म्हणजे तऱ्हेतऱ्हेचं गाणं त्यांना दहाव्या वर्षाच्या आतच येत होतं. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे रीतसर शिक्षण झालं. मग क्षयाने गाठलं, आणि हवापालटासाठी 1948 साली ते माळव्यात देवासला गेले. गायला बंदी. एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलेलं. पुढची काही वर्षं त्या अंथरुणावर त्यांच्याजवळ उरला तो फक्त कान. बाहेरून बायकांची लग्नातली, सणातली, पावसातली गाणी यायची. नाथपंथी फिरस्त्यांची निर्गुणी भजनं यायची.

विचार करा, त्याच माणसाला तीच गाणी तब्येत ठणठणीत असताना ऐकायला मिळाली असती, तर कदाचित दुसऱ्या दिवशी त्याने ती गाऊन दाखवली असती. नक्कल त्याच्या गळ्यात होतीच. इथं गाता येत नव्हतं, म्हणून ते नुसते ऐकत राहिले. चार-पाच स्वरांत फिरणारी ती लोकधून कशी चालते, कुठे थांबते, कोणत्या स्वरावर नुसती टेकून निघून जाते. रागाचं बीज धुनेत असतं, हे त्यांना तिथं दिसलं. त्यातून धुनउगम राग आले; मालवती, लगनगंधार, सहेली तोडी. 1965 च्या 'अनूपरागविलासा'त ते पाहायला मिळतात. बरे होऊन ते परत गायला बसले, तेव्हा त्यांची ख्यालाची फेकच बदललेली होती. श्वास तोकडा, म्हणून छोट्या छोट्या तुटक जागा, आणि त्या जागांत माळव्याची हवा. लहानपणी त्यांनी जे केलं आणि देवासला जे केलं, दोन्हीला आपण "वेगवेगळं संगीत आत्मसात करणं" म्हणतो. मला त्या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं.

आजच्या मुलांना ऐकायला मिळतं ते आम्हाला स्वप्नातही मिळालं नसतं. आम्ही शनिवारी रात्री साडेनवाच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी आठवडाभर थांबायचो, आणि दुपारी कामगार सभेत लोकगीत लागलं की आई वरणाची फोडणी थांबवून ऐकायची. आता फोनवर फ्लामेंको आहे, क्युबाचे ढोल आहेत, जॅझ आहे. पण अर्ध्या मिनिटात बोट पुढे सरकतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी एकच अट घालतो: एक बाज निवडा आणि वर्षभर तोच ऐका. पहिले तीन महिने वाद्याला हात लावू नका. ऐकताना आपल्या कामाची जागा शोधू नका, ते लोक कुठे "वा" म्हणतात ते शोधा. ती जागा तुम्हाला आपोआप कळायला लागली की मग शिकवणारा माणूस शोधा. व्हिडिओ नको, माणूस. तुमचं मनगट धरणारा कुणीतरी हवा.

उस्ताद झाकिर हुसेन यांच्या तबल्यात कर्नाटक तालाची हिशेबाची जी सहजता दिसे, ती अशीच आलेली. 1970 च्या दशकात 'शक्ती' या वाद्यवृंदात ते विक्कू विनायकराम यांच्या घटम् शेजारी, म्हणजे मडक्याच्या वाद्याशेजारी, रात्रीमागून रात्री बसले. त्याच्याही आधी वडील अल्लारखाँ साहेबांना दक्षिणेकडच्या हिशेबांची ओढ होती. म्हणून दोन बाजूंचे दोन कलाकार परवा भेटले आणि काल मंचावर बसले, एकाने चार आवर्तनं वाजवली, दुसऱ्याने चार वाजवली, शेवटी दोघांनी एक तिहाई घेतली, की माझ्या मनाला काही लागत नाही. कुणाचीच सम हललेली नसते.

गोव्याच्या वादकांचा उल्लेख केल्याशिवाय मला उठता येणार नाही. तिथल्या पॅरिश शाळांत मुलं लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकत. ती मुलं मुंबईत आली आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. कागदावर लिहिलेला प्रत्येक स्वर वाजवणारे हे व्हायोलिनवादक रागसंगीताने झपाटले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कागदावर कशी मांडायची, हा प्रश्न त्यांनी अंगावर घेतला, रागांवर वाद्यवृंदासाठी रचना केल्या आणि 1958 साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून त्या वाजवल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले.

गोव्याचं नाव निघालं म्हणून शेवटी माझी एक बातमी देतो. गेल्या पावसाळ्यापासून मी दर महिन्याला चार दिवस फोंड्याकडच्या एका गावात जातो. तिथं विशीतला एक मुलगा मला घुमट हे तालवाद्य शिकवतो. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, आता बकरीचं लावतात. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या पंजाने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं. डग्ग्यावर मी चाळीस वर्षं मनगट दाबून घुमारा काढत आलो. इथं दाबायला काहीच नाही, आत नुसती हवा आहे, आणि पंजा उघडायला क्षणभर उशीर झाला की आवाज मडक्यातच राहतो. माझा अजून दहापैकी चार वेळा राहतो. मुलगा म्हणतो, "काका, दाबूं नाकात, सोडात."

चतुर्थीच्या आरतीला शामेळ या ढोलवाद्याबरोबर आणि कांसाळ्यांबरोबर, म्हणजे झांजांबरोबर, मागच्या ओळीत मला उभं करायचं त्याने कबूल केलं आहे. तोवर रोज पहाटे तासभर, रिकाम्या मडक्याच्या तोंडावर, नुसता पंजा उघडायचा आणि मिटायचा.

नमस्कार.