शिड्यांच्या मधली वाट

१६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. अकोले तालुक्यातील बारी गावातून वर जाणारी त्याची वाट नवरात्रातील भाविकांच्या, पावसाळ्यातील शनिवार-रविवारच्या ट्रेकर मंडळींच्या आणि गावकऱ्यांच्या पायांखालची आहे. या वाटेचे नाव काढले, की बहुतेकांना कातळावरच्या लोखंडी शिड्या आठवतात. त्यांचे कठडे तपासणे आवश्यकच आहे. मात्र वाटेची खरी अवस्था जाणून घ्यायची असेल, तर दोन शिड्यांच्या मधल्या, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या उतारांकडे पाहावे लागते.

याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री लाव्ह्याचे थरावर थर साचून तयार झाला. त्यांतील कठीण बेसॉल्टचे कडे उरले, तर मऊ, सच्छिद्र थर झिजून त्यांचे उतार झाले. हजारो पावले पडली तरी कातळ फारसा झिजत नाही. उतारावरची पातळ माती मात्र गवताच्या मुळांनीच धरून ठेवलेली असते आणि ती मुळे तुटली, की पावसाच्या मोठ्या सरींबरोबर निघून जाते. मागे उरतो तो पाय घसरवणारा घसारा.

ही झीज मोजण्याची पद्धत साधी आहे. वाटेच्या दोन्ही अंगांना, न तुडवलेल्या जमिनीत एकेक खुंटी ठोकून त्यांच्यामध्ये टेप ताणतात आणि दर १० सेंटिमीटरवर टेपपासून जमिनीपर्यंतची खोली नोंदवतात. समजा, दीड मीटर रुंदीत ही खोली सरासरी ८ सेंटिमीटर भरली, तर त्या ठिकाणी वाटेच्या प्रत्येक मीटरमागे १२० लिटर माती गेलेली असते. रुंदी मोजताना, चिखल चुकवण्यासाठी कडेने चालणाऱ्यांनी तुडवलेले गवतही जमेस धरावे लागते. एका मापावरून आजवरची झीज कळते, तिचा वेग कळत नाही; त्यासाठी त्याच खुंट्यांवर मेअखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात माप घ्यावे लागते.

खोलीइतकेच महत्त्व वाटेच्या दिशेला आहे. वाट डोंगराला तिरकी जात असेल, तर पाणी तिला ओलांडून खाली उतरते; ती सरळ उतारालाच लागली असेल, तर वाटेचाच ओहोळ होतो. म्हणूनच वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा वाटा आखणाऱ्यांचा ठोकताळा आहे. वळण टाळून पाडलेले शॉर्टकट नेमका हाच ठोकताळा मोडतात, वरच्या वळणाचे पाणी आपल्याकडे ओढतात आणि अखेरीस मूळ वाटही खचवतात.

गर्दीवर मर्यादा घाला, ही सूचना वारंवार येते. शिड्यांवरची कोंडी टाळण्यासाठी ती योग्यच आहे. परंतु गवताचे बहुतांश नुकसान सुरुवातीच्या तुडवणुकीतच होऊन जात असल्यामुळे, आधीच उघड्या पडलेल्या वाटेवर थोडी माणसे कमी केल्याने झीज त्या प्रमाणात घटत नाही. तेथे पाणी वळवणेच अधिक उपयोगाचे ठरते.

त्यामुळे दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वाटेत तिरके दगड बसवून पाणी बाहेर काढायचे, शॉर्टकटची दोन्ही तोंडे काटेरी फांद्यांनी बंद करायची आणि त्यानंतरच पायऱ्या रचायच्या. पाण्याची सोय होण्याआधी बसवलेल्या पायरीखालची माती वाहून जाते आणि दगड डुगडुगू लागतो. हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने अशा कामांना वनविभागाची परवानगी लागते, म्हणून ऑक्टोबरातील मापे हाती येताच प्रस्ताव गेला, तरच जूनच्या पहिल्या पावसाआधी काम उरकता येते.