आधी पाण्याचं तापमान, मग गळ

नमस्कार मंडळी. पत्रकावर विषय छापलाय, ‘वसंतातली मासेमारी : आपल्या आसपासची तळी’. म्हणजे कॅलिफोर्नियात ओकलंडच्या आसपासची, ईस्ट बेमधली : लेक शबो, डेल व्हॅले, क्वारी लेक्स, शॅडो क्लिफ्स. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी तिथे पोरांचे वाढदिवस साजरे केलेत, त्यामुळे रस्ता सांगत बसत नाही. मार्च ते मे या काळात ट्राउट कुठे सापडतो, बास कुठे सापडतो, हे सांगायचं मी कबूल केलंय आणि ते सांगणारच आहे. पण मी आले आहे ती मुख्यतः एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायला. माशाला कॅलेंडर कळत नाही. त्याला पाण्याचं तापमान कळतं. तेव्हा तळ्यावर गेल्यावर गळ टाकण्याआधी पाण्यात थर्मामीटर सोडा.

वसंत आला की मला फोन सुरू होतात. ‘ताई, मासे सोडले का?’ कारण आपल्या तळ्यांतला बहुतेक ट्राउट हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवून ट्रकने आणून सोडलेला असतो. ट्रक आला की दुसऱ्या दिवशी धक्क्यावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी. दोऱ्यात दोरे अडकतात, भांडणं होतात. पुढच्या आठवड्यात तीच माणसं सांगतात, ‘मासे संपले.’ अहो, संपले कुठे? नवा ट्राउट एक-दोन दिवस सोडल्या जागी बावरल्यासारखा फिरतो, मग आपल्याला मानवेल असं पाणी शोधत निघून जातो. मासा तळ्यातच असतो. फक्त कुठे, हे त्या ट्रकच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

आता ट्राउटचं नाव निघालंच आहे, तर मला राहवत नाही. लेक शबोला जाणाऱ्यांनी हात वर करा. बरेच आहेत. तुम्ही ज्या पाण्यात हॅचरीचा रेनबो ट्राउट पकडता, ते तळं कुठल्या ओढ्यावर आहे, ठाऊक आहे? सॅन लिअँड्रो क्रीक. अँथनी शबो यांनी १८७० च्या दशकात तो ओढा अडवून धरण बांधलं. आणि त्याच्या वीसेक वर्षं आधी, १८५५ मध्ये, डॉ. डब्ल्यू. पी. गिबन्स यांनी याच ओढ्याच्या पाणलोटातले मासे पाहून रेनबो ट्राउटचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला ‘साल्मो इरिडिया’ असं नाव दिलं. हे गिबन्स कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या संस्थापकांपैकी. शास्त्रीय नाव पुढे बदललं, आता ‘ऑन्कोरिंकस मायकिस’ म्हणतात. पण जगभर ज्या माशासाठी लोक पैसे मोजून नद्या गाठतात, त्याची ही ओळख आपल्या ओकलंडच्या टेकड्यांतली आहे. रेडवुड रीजनल पार्कमध्ये तसा फलकही आहे, राज्याचं ऐतिहासिक स्थळ क्रमांक ९७०. त्या पार्कातल्या रेडवुड क्रीकमध्ये आजही हिवाळ्याच्या पावसानंतर मूळ वाणाचे ट्राउट खालच्या धरणातून अंडी घालायला वर चढतात. त्यांच्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा मार्ग बांधलेला आहे. तिथे मासेमारीला बंदी आहे, आणि असायलाच हवी. मुलांना घेऊन जा, काठावर शांत उभं राहून नुसतं बघा.

हाच रेनबो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या निलगिरीत नेऊन सोडला गेला आणि तिथे रुजला. मला कोणी विचारतं, मग महाबळेश्वरला का नाही? त्याचं उत्तरही तापमानातच आहे. एप्रिल-मेमधल्या आपल्या सह्याद्रीतल्या तळ्याचं पाणी या माशाला सोसणारं नाही.

बासची गोष्ट तर याहून भारी आहे. न्यू जर्सीहून बदली होऊन कॅलिफोर्नियात आलेले इथे किती आहेत? हं, मागची अख्खी रांग! तर तुमच्या आधी त्याच वाटेने मासे आलेले आहेत. आपण तळ्यांत पकडतो तो बास मुळात या राज्यातला नाही, एकही जात नाही. लिव्हिंगस्टन स्टोन नावाचे गृहस्थ होते, आधी धर्मोपदेशक, मग मत्स्यपालक. १८७३ च्या जूनमध्ये ते न्यू हॅम्पशरहून रेल्वेचा एक खास डबा घेऊन निघाले. डब्यात पाण्याच्या टाक्या, आणि टाक्यांत बास, पर्च, कॅटफिश, ईल, अगदी लॉब्स्टरसुद्धा. बर्फाचा साठा बरोबर. तीन हजार मैलांचा प्रवास, आणि पाणी तापू द्यायचं नाही, हवा कमी पडू द्यायची नाही. माणसं आळीपाळीने पाणी उपसून वरून ओतत होती, का, तर पाण्यात हवा मिसळावी म्हणून. डोळ्यासमोर आणा: हलता डबा, जूनचा उन्हाळा, ओल्या बाह्या, आणि रात्रभर पाणी उपसणं. नेब्रास्कात एल्कहॉर्न नदीवरचा पूल खचला आणि डबा नदीत कोसळला. स्टोन आणि त्यांचे सहकारी जेमतेम वाचले. मासे सगळे नदीत.

दुसरा कोणी घरी बसला असता. हा माणूस पुढच्याच वर्षी पुन्हा निघाला आणि १८७४ मध्ये स्मॉलमाउथ बास कॅलिफोर्नियात पोहोचला. मग १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या नेव्हसिंक नदीतले छोटे स्ट्राइप्ड बास रेल्वेने आणून मार्टिनेझला खाडीत सोडले. किती होते? सुमारे १३०. आपल्या आजच्या सभेला आलेल्या माणसांएवढे! त्यांचा वंश इतका वाढला की वीस वर्षांनी, १८९९ मध्ये, बाजारासाठी वर्षाला दहा लाख पौंडांहून जास्त मासा पकडला जात होता. (शास्त्राच्या हिशोबात स्ट्राइप्ड बास आणि लार्जमाउथ-स्मॉलमाउथ ही कुळं वेगळी आहेत, हे आमच्या ओळखीचे एक जाणकार समोर बसलेत म्हणून लगेच सांगून टाकते.) आज डेल व्हॅलेत स्ट्राइपर, म्हणजे हाच स्ट्राइप्ड बास, मिळतो, तो कोणी हौसेने सोडलेला नाही. सॅक्रामेंटो नदीच्या डेल्टाचं पाणी साउथ बे अ‍ॅक्विडक्ट या कालव्यातून तिथे येतं, त्या पाण्याबरोबर तो आला.

ही गोष्ट मी इतकी रंगवून सांगते त्याला कारण आहे. त्या डब्यातल्या माणसांना दोनच गोष्टींची काळजी होती: पाणी किती गार आहे आणि त्यात हवा किती आहे. दीडशे वर्षं झाली, आपल्या हातात फोन आले, माशाचा ठाव घेणारी यंत्रं आली, आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी बघायचं आपण सोडून दिलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणतात. बरं, मग मुद्द्यावर येते.

गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. ५० अंश फॅरनहाइटला लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ६८ अंशांना ९ च्या आसपास. उलट पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. ट्राउटला ५० ते ६० अंश पाणी आवडतं, ६८ च्या वर त्याचे हाल सुरू होतात. हिवाळ्यात आपली तळी वरपासून खालपर्यंत जवळपास सारखी गार असतात, वारा पाणी ढवळत असतो. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वरचा थर तापवतं, गरम पाणी हलकं, ते वर तरंगत राहतं, गार पाणी खाली अडकतं. उन्हाळ्यात त्या खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणजे वर ऊन, खाली घुसमट, आणि ट्राउट मधल्या पट्टीत कोंडलेला. म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे ट्रक यायचे थांबतात आणि शरद ऋतूत पुन्हा सुरू होतात.

आता आकडे. पाणी ५० ते ५५ असेल तर ट्राउट काठाजवळ, कुठेही. पातळ दोरा घ्या, चार पौंडी, लहान गळ, आणि तरंगणारं पॉवरबेट (ट्राउटसाठी मिळणारं तयार आमिष) तळापासून दीडेक फूट वर राहील असं लावा. बास तेव्हा खोलात सुस्त असतो, त्याच्या नादी लागू नका. ५५ ते ६० हा सोन्याचा काळ. सकाळी ट्राउट, आणि दुपारी उथळ खाडीच्या तोंडाशी, जिथे काठ एकदम खोल उतरतो तिथे, बास. विणीआधी तो पोटभर खाऊन घेतो. प्लॅस्टिकचा किडा तळावरून अगदी हळू ओढा, तुम्हाला वाटतं त्याच्याही निम्म्या वेगाने. ६० च्या पुढे बास घरटी करतो आणि ट्राउट पंधरा-वीस फुटांवर उतरतो. ६८ ओलांडलं की ट्राउट पकडून सोडू नका. तो पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. खाणार असाल तर ठेवा, नाहीतर त्या दिवशी ट्राउटचा नाद सोडा.

थर्मामीटर दोरीला बांधा, दर पाच फुटांवर गाठ मारा. धक्क्याच्या टोकावरून सोडा, दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्या, आणि झटकन वर ओढून सावलीत वाचा. एकदा हातभर खोलीवर, एकदा दुसऱ्या गाठीवर. वरचा आकडा दुपारी फसवतो. उन्हात तो भराभर चढतो आणि रात्रीतून उतरतो, म्हणून सकाळचा आकडा धरा. उत्तरेकडचा काठ दक्षिणेचं ऊन खातो, तो आधी तापतो, बास आधी तिथे दिसेल. डेल व्हॅलेला दुपारी वारा सुटतो. लोक वैतागून गाडीकडे निघतात, तेव्हाच थांबा. वारा वरचं उबदार पाणी ज्या काठाला लोटतो तिथे खाणं गोळा होतं, आणि खाण्यामागे मासा.

अजून एक मिनिट द्या, हे सांगितल्याशिवाय मी बसणार नाही. लार्जमाउथ बासचं घरटं नर करतो आणि राखतोही नरच. गुडघा-कंबरभर पाण्यात ताटाएवढी वाळू-खडी शेपटीने झाडून लख्ख केलेली दिसते. पोलराइज्ड चष्मा लावून बघा, शेपटीची खालची कड घासून लाल झालेली असते. मादी अंडी घालून निघून जाते. हा काही खात नाही, जागचा हलत नाही, अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेपर्यंत आणि नंतरही पहारा देतो. तुम्ही समोर आमिष टाकलंत की तो ते चावतो, ते भुकेने नव्हे, पिल्लांवर आलेलं संकट हाकलायला. तो घरट्यावरून उचलला गेला की टपून बसलेले ब्लूगिल नावाचे छोटे मासे काही मिनिटांत अंडी फस्त करतात. तुम्ही फोटो काढून, वजन करून त्याला सन्मानाने परत सोडेपर्यंत घरटं रिकामं झालेलं असतं. एका तळ्यावर मी हे डोळ्यांनी बघितलंय. एक गृहस्थ मोठ्या कौतुकाने मासा उंच धरून उभे होते आणि त्यांच्या पायांशी पाण्यात ही लूट चालली होती. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, नियमात बसतं. बसतं, हे खरंय. इथे पाच बास, प्रत्येकी किमान बारा इंच, एवढाच नियम आहे. कॅनडात ओंटारिओत विणीच्या काळात बासची मासेमारी अनेक ठिकाणी बंद असते. इथे कायद्याने बंद नाही, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. पाणी ६० च्या वर गेलं आणि उथळात घरटं दिसलं, तर पुढे चला. खोलात इतर बास असतात.

आणि खायचाच असेल तर ट्राउट खा. बास मोठा शिकारी मासा, वर्षानुवर्षं लहान मासे खाऊन त्याच्या अंगात पारा साठतो. सॅन होजेजवळच्या न्यू अल्माडेनला पाऱ्याच्या खाणी होत्या, त्या भागातल्या काही तळ्यांतले मासे अजिबात खाऊ नयेत अशी सूचना आहे. गरोदर बायका आणि लहान मुलं यांच्यासाठी वेगळं प्रमाण असतं, राज्याचं पत्रक तळ्यागणिक वाचा.

होडीवाल्यांसाठी: ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉक्टन बंदरात गोल्डन मसल नावाचा शिंपला सापडला, तो पाण्याचे नळ बुजवतो. तेव्हापासून बऱ्याच तळ्यांनी होड्यांवर निर्बंध घातलेत. ट्रेलर जोडायच्या आधी त्या तळ्याचा नियम बघा.

परवान्याचं राहिलं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचा परवाना लागतो, तो आता घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो. ईस्ट बेच्या पार्कांतल्या तळ्यांवर त्याशिवाय दिवसाचं वेगळं परमिट. भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांनाही गळ हातात घ्यायचाय, तर त्यांनाही परवाना हवा. ‘मी फक्त धरून उभा होतो’ हे रेंजर ऐकून घेत नाही. एका दिवसाचा परवाना मिळतो, तो घरूनच ऑनलाइन काढून ठेवा. थर्मामीटर मी आणलाय, दोरीसकट. ज्यांना बघायचाय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या.