मोबाइल दोरीच्या बाहेर

[दृश्य: तालुक्याच्या गावातला पत्र्याचा हॉल, शालेय कुस्ती स्पर्धा. मध्ये कुस्तीची मॅट. भिंतीलगत दाटीवाटीनं उभे पालक, बहुतेकांच्या हातात मोबाइल.]

निवेदन:
पुकारा होतो. लाल कॉस्च्युम, निळा कॉस्च्युम. शिट्टी वाजायच्या आत पंधरा-वीस हात वर जातात आणि मागच्याला कुस्तीऐवजी मोबाइलच्या पाठी दिसायला लागतात. "पाय धर रे भो, पाय!" असं ओरडत एक जण शूटिंग करता करता चपलेसकट मॅटवर येतो.

ही सवय मातीतल्या कुस्तीची. चैत्र-वैशाखात खान्देशातल्या यात्रांमध्ये कुस्त्यांचे फड लागतात, तिथं माणसांचं रिंगण हीच हद्द असते. जोड पुढं सरकली की रिंगण मागं सरकतं. मॅटवर तसं चालत नाही, कारण तिथली हद्द मोजलेली आहे.

[दृश्य: मॅट वरून. नारिंगी पट्टा जवळून.]

निवेदन:
पूर्ण मॅट 12 मीटर बाय 12 मीटर. आतलं वर्तुळ 9 मीटर व्यासाचं, त्याच्या कडेचा 1 मीटरचा पट्टा नारिंगी. वर्तुळाबाहेर दीड मीटर सुरक्षा पट्टा. पटात, म्हणजे पाय धरायच्या डावात, घुसलेली जोड वेगात बाहेर जाते तेव्हा हा दीड मीटर कधीकधी अपुरा पडतो. प्रशिक्षकालासुद्धा मॅटच्या कडेपासून 2 मीटर लांब बसावं लागतं. प्रेक्षक त्याच्याही मागं हवा, म्हणून दोरी 3 मीटरवर बांधावी. म्हणजे नुसत्या दोरीपर्यंतच 18 मीटर लांब-रुंद जागा लागते, प्रेक्षक त्याच्याही बाहेर. शाळांचे हॉल एवढे क्वचितच असतात. मग पंचांचं टेबल एका बाजूला ठेवून प्रेक्षक समोरच्या एकाच बाजूला, बाकांवर बसवावेत. चारही बाजूंनी थोडे थोडे कोंबले, तर चारही बाजू धोक्याच्या होतात.

फ्लॅश बंद. सेल्फी स्टिक दोरीच्या आत येऊ द्यायची नाही. स्टँड लावायचा तर शेवटच्या रांगेमागं. दोरीजवळच्या स्टँडचे पाय कुणाच्या तरी पायात येतातच.

[दृश्य: टेबलाजवळ गर्दी. एक हात मोबाइल पंचांपुढं धरतो.]

निवेदन:
खरी भांडणं इथं होतात. "हे बघा, पाय बाहेर गेलेला नाही!" किंवा "खांदे टेकलेत, स्पष्ट दिसतंय!"

उभ्या असलेल्या मल्लाचा अख्खा पाय सुरक्षा पट्ट्यात पडला, तर समोरच्याला 1 गुण. आता कॅमेऱ्याचा हिशेब बघा. मोबाइल मॅटपासून 1.2 मीटर उंच धरलाय आणि पाय आहे 10 मीटरवर. तो पाय फक्त 5 सेंटिमीटर उचललेला असला, तरी स्क्रीनवर तो सुमारे 43 सेंटिमीटर पलीकडं पडल्यासारखा दिसतो. समोरच्या बाजूला बसलेल्याच्या मोबाइलमध्ये तोच पाय उलट दिशेला सरकतो. दोघांचे व्हिडिओ खरे, आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवतात. टेकलेला पायच मोजायचा असतो, आणि टेकला कधी हे जवळ वाकलेल्या पंचाला दिसतं.

चितपटीचं वेगळं. दोन्ही खांदे टेकलेली एखादी फ्रेम सापडली म्हणून मल्ल चीत होत नाही. खांदे टेकलेले असताना वरच्याचा पूर्ण ताबा आहे, हे पंचाला दिसेल इतका वेळ ती स्थिती राहावी लागते. शिवाय साइड पंच किंवा मॅट चेअरमन, म्हणजे टेबलावरचा मुख्य पंच, यांच्यापैकी एकाचा दुजोरा लागतो. व्हिडिओ थांबवला की नेमका तो वेळच गायब होतो.

दाद मागायचा मार्ग म्हणजे चॅलेंज. प्रशिक्षक मऊ ठोकळा मॅटवर टाकतो आणि आयोजकांच्या अधिकृत कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं जातं. चॅलेंज फसलं तर प्रतिस्पर्ध्याला 1 गुण मिळतो. जिथं अधिकृत कॅमेरा नाही, तिथं चॅलेंजही नाही. पालकाचा मोबाइल त्याची जागा घेत नाही, कितीही महाग असला तरी.

[दृश्य: बंद दार. बाहेर टेबलावर पुठ्ठ्याचा खोका, त्यात मोबाइल. प्रत्येकाला नंबराचा टोकन.]

निवेदन:
वजनाच्या खोलीत मोबाइल न्यायचाच नाही. पालकानं नाही, क्रीडा शिक्षकानंही नाही, काट्यावरचा आकडा टिपायलासुद्धा नाही. आकडा कागदावर लिहितात. पोरं तिथं लंगोटावर किंवा कॉस्च्युमवर उभी असतात. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र टिपणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ई खाली गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मूल 18 वर्षांखालचं असेल आणि हेतू लैंगिक असेल, तर पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा, लागतो.

मॅटवर वेगळी काळजी. डाव भारंदाज असो की पट, पकडीचा एखादा क्षण अलग काढला की तो विचित्र दिसतो. कुस्ती कळणाऱ्याला त्यात डाव दिसतो, रील बघणाऱ्याला भलतंच. मुलींच्या कुस्त्यांबाबत हे फार भोवतं: गाणं लावलेली एक क्लिप गावात फिरते, खाली घाणेरड्या कमेंटी येतात आणि पोरीची तालीम घरूनच बंद होते. म्हणून तुकडा टाकायचा नाही. कॉस्च्युमचा पट्टा सुटला, नाकातून रक्त आलं, डॉक्टर मॅटवर आले, की मोबाइल खाली. दुसऱ्याच्या मुलाची कुस्ती जाहीर टाकायची तर त्याच्या पालकांना आधी विचारायचं. नाव, शाळा, वर्ग आणि गाव एकत्र लिहायचं नाही. थेट प्रक्षेपण फक्त आयोजकांनी ठरवलेल्या माणसानं करावं.

[दृश्य: बाकाच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली बाई, मोबाइल आडवा, कोपरं गुडघ्यांवर टेकवलेली.]

निवेदन:
आपल्या पोराची कुस्ती वस्तादाला दाखवायला शूटिंग करणं मात्र चांगलंच. 17 वर्षांखालील गटात 2-2 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद. म्हणजे एक फाइल साधारण 5 मिनिटांची. मोबाइल आडवा धरा, पूर्ण वर्तुळ मावेल इतकं लांब बसा, झूम टाळा. सेकंदाला 60 फ्रेम ठेवा, 30 मध्ये एकेरी पटाची झेप पुसट येते. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकलं तर शटर 1/100 करा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. मिनिटाला 100 ते 200 एमबी लागतात, त्यामुळं सकाळीच 5 जीबी जागा मोकळी हवी, नाहीतर फायनलला "मेमरी फुल्ल". पत्र्याखाली दुपारी मोबाइल तापून बंदही पडतो. मधल्या वेळात तो सावलीत, कव्हर काढून ठेवा.

शिट्टीच्या 10 सेकंद आधी सुरू करा, पंचानं विजेत्याचा हात वर केल्यावर थांबवा. मध्ये कापू नका, हरलेला भाग तर नाहीच. आणि गप्प बसा: माइक तुमच्या तोंडाजवळ आहे, पंचाला दिलेली शिवी वस्तादाच्या मोबाइलवर पहिली ऐकू येते.