खाडा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, एक खिळा आहे. घराला तीनदा रंग दिला, ओटा बदलला, मांडणी जाऊन कपाटे आली. पण तो खिळा आईने कोणाला काढू दिला नाही, कारण त्यावर कॅलेंडर असते आणि कॅलेंडरला सुतळीने बांधलेली पेन्सिल असते. आज मला त्या कॅलेंडरविषयी, म्हणजे खरे तर त्यावर आईने जे लिहून ठेवले आहे त्याविषयी, आपल्याशी बोलायचे आहे.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पंचांगाची पाच अंगे घरातल्या कोणालाही भिंतीवर वाचता येऊ लागली. संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे विचारायला कोणाकडे जाण्याचे कारण उरले नाही. हे काम मोठेच आहे. पण तारखेच्या चौकटीत जी थोडी मोकळी जागा राहिली, तिचे मोल माझ्या लेखी त्याहून अधिक आहे, कारण माझ्या आईने आयुष्यात जे काही लिहिले ते तेवढ्याच जागेत.

त्या जागेत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे ‘खाडा’. दूध आले नाही की फुली, नेहमीचे दीड लिटर घेतले की ‘१॥’, पाहुणे असले की ‘२॥’. महिनाअखेरीस दूधवाले आपली छोटी वही घेऊन यायचे, आई कॅलेंडर खिळ्यावरून उतरवायची आणि दोन्हीकडचे खाडे जुळेपर्यंत उंबऱ्यावर बैठक चालायची. एकदा अर्ध्या लिटरचा फरक निघाला. ‘‘जाऊ द्या हो, अर्ध्या लिटरसाठी काय!’’ असे वडिलांनी म्हणताच आई आणि दूधवाले या दोघांनीही त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की ते वर्तमानपत्र उचलून गॅलरीत गेले. पंधरा मिनिटांनी उलगडा झाला: शेजारच्या काकूंनी विरजणासाठी आमच्या नावावर अर्धा लिटर घेतले होते. वही खरी ठरली, कॅलेंडरही खरे ठरले आणि दूधवाल्यांना चहा मिळाला.

‘सिलिंडर लावला’ ही दुसरी महत्त्वाची नोंद. चौदा किलो आणि दोनशे ग्रॅमचा तो सिलिंडर आमच्याकडे किती दिवस पुरतो, हे आई मागची पाने उलटून ताडून पाहत असे. एका उन्हाळ्यात तो तीन-चार दिवस आधीच संपू लागला. चौकशीअंती उघड झाले की दुपारी सगळे आडवे झाले की आजोबा स्वतःसाठी चहा ठेवतात, आणि तोही मंद आचेवर भरपूर वेळ उकळून. आई त्यांना एक शब्द बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून घरातला चारचा चहा तीन वाजता होऊ लागला आणि सिलिंडर पुन्हा आपल्या तारखेवर आला.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान पडते आणि ते अंतर भरून काढायला साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो. २०२३ साली तो अधिक श्रावण होता. त्या पानावर ‘अनारसे ३३, मोजून’ असे लिहिले आहे आणि खाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, ‘३१. पुन्हा करणे’. ते दोन कोणी खाल्ले हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तिचे वय तेव्हा सहा वर्षांचे होते. जावयांना मात्र तेहतीस पोहोचले.

जुनी कॅलेंडरे आमच्याकडे फडताळात अंथरली जात, त्यामुळे कितीतरी वर्षे डब्यांच्या तेलकट वर्तुळांखाली गेली, याची मला फार हळहळ वाटते. १९९८ पासूनची मी गुंडाळ्या करून माळ्यावर ठेवली आहेत. त्यांत २००५ सालचा जुलै आहे. २६ तारखेला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला त्या मंगळवारी, आईने ‘हे आले नाहीत’ एवढेच लिहिले आहे. वडील दादरला कचेरीत अडकले होते, फोन लागत नव्हता. २७ च्या चौकटीत ‘दूध नाही’, आणि त्याखाली, पेन्सिल इतकी दाबून की अक्षरे मागच्या बाजूच्या पाककृतीवर उमटली आहेत, ‘हे आले. सायंकाळी ६.१०. चालत’. तो दिवस मला आठवतो. रुळांच्या कडेने चालत आलेल्या वडिलांना तिने गरम पाणी दिले, पिठले-भात वाढला, आणि मग भिंतीकडे तोंड करून ती हे लिहीत उभी राहिली. बराच वेळ उभी होती. एवढीशी नोंद लिहायला इतका वेळ लागत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

२०२० च्या एप्रिलचे पानही मी जपले आहे. टाळेबंदीमुळे कामाला येणाऱ्या मावशी घरीच होत्या. आईच्या शिस्तीप्रमाणे तीस चौकटींत तीस फुल्या पडायला हव्या होत्या. तिथे एकही फुली नाही. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत सगळ्या पानावरून एक तिरकी ओळ गेली आहे: ‘मावशींचा खाडा धरायचा नाही.’ अर्ध्या लिटरसाठी पंधरा मिनिटे उंबऱ्यावर बसणारी ती हीच आई.

आता दूध मोबाइलवरून मागवले जाते, त्याचा हिशेब आपोआप होतो आणि चौकटी बऱ्याचशा कोऱ्या राहतात. आईचे अक्षरही अलीकडे थरथरते. तरी आज सकाळी आकाशवाणीवर येण्यासाठी निघताना मी सवयीने कॅलेंडरकडे पाहिले. आजच्या चौकटीत तिने लिहिले आहे: ‘रेडिओ, ११ वाजता. येताना दळण.’ गिरणी एकला बंद होते, म्हणून श्रोतेहो, आपला निरोप घेतो. नमस्कार.