कॉपीरायटर कधी घ्यायचा? आधी गड्ड्यातला स्टॉल आठवा

(टेबलावर घडी घातलेला पांढरा टॉवेल. थेट कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार मंडळी. जानेवारीत सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा भरतो, आपल्या सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेचा. तिथं तुम्ही कधी स्टॉल लावलाय का? लावला असेल तर आजचं बोलणं तुम्हाला लगेच उमजेल. नसेल लावला, तरी एखाद्या स्टॉलसमोर दहा मिनिटं उभं राहून विकणाऱ्याचं बोलणं ऐकलंच असेल.

विषय आहे कॉपीरायटर. म्हणजे तुमच्या मालाबद्दलचा मजकूर लिहून देणारा माणूस. वेबसाइटवरचं पान, जाहिरात, पाकिटावरच्या दोन ओळी, गिऱ्हाइकाला जाणारा व्हॉट्सॲप मेसेज, हे सगळं त्याचं काम. मी हेच काम करते, सोलापुरात राहून. मला फोन येतात, "मॅडम, जरा चांगलं लिहून द्या की, धंदा वाढवायचाय." त्यातल्या बऱ्याच जणांना मी सांगते, आत्ता नको, थांबा, हे पैसे दुसरीकडं लावा. समोरच्याला वाटतं हिला काम नकोय. काम हवंच असतं. पण तयारी नसलेल्या धंद्यात लिहिणारा आणला की पैसेही जातात आणि नावही जातं. हे मी जवळून बघितलंय.

आधी तयार असलेला धंदा कसा दिसतो ते दाखवते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक काका आहेत. घरचे माग, टॉवेल आणि नॅपकिनचं काम. वर्षानुवर्षं माल व्यापाऱ्याला जायचा, डझनावर. मुलानं मोबाइलवरून थेट घरगुती गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली. त्यांनी मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, लिहायचं नंतर बघू, आधी तुमचं व्हॉट्सॲप दाखवा. कारखान्यातच स्टुलावर बसून आम्ही चॅट वाचत गेलो. मागांचा आवाज एवढा की एकमेकांना ओरडून सांगावं लागत होतं.

तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. "रंग जातो का?" "धागे निघतात का ओ?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "टॉवेल पाणी ओढत नाही, नुसतं अंगावरून घसरतं, परत घ्या."

आणि प्रत्येकाला काकांच्या मुलानं रात्री बसून एकच उत्तर टाइप केलेलं. मी त्याच्या परवानगीनं वाचून दाखवते. "नवीन टॉवेलला मऊ लागावा म्हणून शेवटी फिनिशिंग केलेलं असतं, त्यामुळं पहिल्यांदा तो पाणी कमी ओढतो. दोन वेळा साध्या पाण्यात धुवा. धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो. तिसऱ्यांदा वापरून मला सांगा."

(टॉवेल उलगडून कॅमेऱ्याजवळ धरून.)

हे बघा. हे उभे बारीक लूप दिसतात ना, पाणी इथं धरलं जातं. लूपवर चिकट थर असला की पाणी आत शिरत नाही. इतकी साधी गोष्ट, पण ती त्या पोराला माहीत होती आणि गिऱ्हाइकाला नव्हती. हे सांगितलं की माणूस टॉवेल परत पाठवायचं विसरायचा आणि पुढच्या महिन्यात बहिणीसाठी मागवायचा.

मंडळी, हा धंदा तयार होता. माल चांगला, आणि तोंडानं सांगितल्यावर अनोळखी माणूस विकत घेतो, हे सिद्ध झालेलं. फक्त सांगणारं तोंड एकच, आणि ते रात्री साडेअकराला झोपेला आलेलं. मी तिथं नवीन काही शोधलं नाही. त्याचंच उत्तर घेतलं, चार ओळींचं केलं, पार्सलमध्ये ठेवायच्या कार्डावर छापलं, आणि विक्रीच्या पानावर फोटोच्या लगेच खाली लावलं. पाणी ओढत नाही म्हणून येणारे मेसेज कमी झाले. पोरगं लवकर झोपायला लागलं. त्याची आई मला त्याबद्दल धन्यवाद म्हणाली, विक्रीबद्दल नाही.

म्हणून मी गड्ड्याची आठवण काढली. गड्ड्यात येणारा माणूस तुमचा मामा नसतो, शेजारी नसतो. भावाची ओळख काढून तो खरेदी करत नाही. तो समोर उभा राहतो, तुम्ही दोन वाक्यं बोलता, तो वस्तू उचलून बघतो, भाव विचारतो. घेतो किंवा पुढं जातो. अशा अनोळखी माणसाला तुम्ही स्वतः बोलून माल विकू शकता का? आणि असं पुन्हा पुन्हा झालंय का? उत्तर हो असेल तर लिहिणारा तुमच्या कामाचा. कारण तुमचं चाललेलं बोलणं तो तुम्ही नसाल तिथं पोचवतो, उमरग्याला, नाशिकला, दुबईला. बोलणंच चालत नसेल तर तो काय पोचवणार?

आता उलटी गोष्ट. ही माझ्या कामातली आहे आणि मला अजून बोचते.

एक दादा शेंगाचटणी करायचे. आपली सोलापुरी, कुटलेली, तेल सुटलेली. चव अशी की मी पहिलं पाकीट भाकरीशिवायच संपवलं. ते म्हणाले वेबसाइटसाठी लिहा. मी आनंदानं लिहिलं. उखळातला घाव, लसणाचा वास, तेल कसं बोटाला लागतं, सगळं मनापासून. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी आल्या, आणि पाकिटं कुरिअरमध्ये फुटली. सील कच्चं होतं. तेल बाहेर, खोका तेलकट, शेजारच्या पार्सलवरही डाग. लोकांनी फोटो टाकले. ज्या तेलाचं मी कौतुक लिहिलं होतं, त्याच तेलाचे फोटो.

मी त्यांना विचारायला हवं होतं, हे पाकीट लांबच्या गावाला पाठवून बघितलंय का? मी नाही विचारलं. चव घेतली आणि लिहायला बसले. तेव्हापासून मी कुणाचंही काम घेताना आधी म्हणते, माझ्या घरी एक पार्सल पाठवा, ओळख न ठेवता, गिऱ्हाइकाला जातं तसं. ते उघडल्यावर निम्म्या गोष्टी कळतात. खाण्याचा माल असेल तर पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी परवान्याचा, १४ अंकी नंबर आहे का, वजन, तारीख, एमआरपी, तक्रारीचा नंबर आहे का, हेही बघते. हे नसताना सुंदर मजकूर लिहिणं म्हणजे भिंतीला ओल असताना रंग देणं.

भावाचंही तसंच. काही जण प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगतात. दुकानात ते चालतं, तिथं माणूस बघून बोलता येतं. पण छापलेल्या पानावर एकच आकडा बसतो. तो आकडा तुमच्या मनात पक्का नसेल तर अजून थोडे दिवस थांबा.

आता पैशाचं बोलू. लिहिणाऱ्याची फी महाग की स्वस्त, हे फीकडे बघून कळतच नाही. समजण्यासाठी आकडे धरते. टॉवेलचा एक सेट विकून सूत, शिलाई, पॅकिंग, कुरिअर सगळं जाऊन तुमच्या हातात १२० रुपये उरतात. एका पानाची फी १२,००० रुपये. म्हणजे फी वसूल व्हायला १०० सेट जादा विकले पाहिजेत. महिन्याला तुमचे ४० सेट जात असतील तर हे अडीच महिन्यांच्या विक्रीइतकं झालं. नका करू. महिन्याला ४०० जात असतील तर विक्री थोडी वाढली तरी काही महिन्यांत फी निघते, आणि पान पुढं वर्षभर काम करत राहतं. फी तीच, लिहिणारा तोच. म्हणून आधी आपल्या एका नगावर काय उरतं ते कागदावर मांडा. हा हिशोब ज्यांना सांगता येत नाही, त्यांना मी लिहिणाऱ्याकडं नाही, आधी हिशोबाच्या वहीकडं पाठवते.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. लिहिणाऱ्याला तुमचा वेळ लागतो. "तुम्हीच बघा, तुम्हाला जमतं, मला काय कळतंय" असं म्हणणारा मालक मला भीतीदायक वाटतो. तुम्हालाच कळतंय! मागावर तुम्ही उभे राहिलात. मला दोन तास तुमच्याशेजारी बसायचंय, मूर्ख प्रश्न विचारायचेत, काठ असा का, वजन एवढंच का, हॉटेलवाला कोणता नेतो आणि घरातली बाई कोणता नेते. ते दोन तास तुमच्याकडे नसतील तर मी जे लिहीन ते कुठल्याही टॉवेलला चिकटेल.

इथं कुणीतरी म्हणेल, मग चॅटजीपीटी आहे की, फुकटात लिहून देतं. देतं, आणि सुरुवातीला त्यावर भागवायला हरकत नाही. पण त्यालाही तुम्ही सॉफ्टनरची गोष्ट सांगितली नाही तर ते "उत्कृष्ट दर्जा, मऊ स्पर्श" एवढंच लिहिणार, आणि ते तर सगळ्यांच्याच पाकिटावर असतं. आधी साहित्य गोळा करा, मग ते यंत्राला द्या नाहीतर माणसाला.

साहित्य कसं गोळा करायचं? मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून गिऱ्हाइकाशी बोला, अर्थात त्याला सांगून. महिनाभर प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीत लिहा, सुधारून नाही. आपल्याकडं गिऱ्हाईक मराठीत सुरू होतं, मधेच हिंदीत जातं, शहराच्या पूर्व भागात गेलात तर तेलुगूत भाव करतं, अक्कलकोटकडून आलेलं कन्नडमध्ये. कोणत्या भाषेत प्रश्न आला तेही टिपा. त्यावरून कळतं की पान कोणत्या भाषेत हवं. मला अशी एक भरलेली वही द्या, मी महिन्याचं काम आठवड्यात करून देते.

समजा तुम्ही तयार आहात आणि माणूस ठरवताय. सगळी वेबसाइट एकदम देऊ नका. जिथून सगळ्यात जास्त विक्री होते ते एक पान द्या, आणि आधीचे आकडे लिहून ठेवा, किती जण विचारतात, किती घेतात. नाहीतर नंतर फरक पडला की नाही यावर नुसता वाद होतो.

करार लेखी करा. हे मी कळवळून सांगते, कारण इथं दोन्ही बाजू फसतात. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं, पगारी नोकरानं नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क मालकाचा, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण बाहेरच्या लेखकाकडून लिहून घेतलं तर तुम्ही पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमचा होत नाही. तो तुमच्या नावावर करायला लेखी, सही केलेला कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ज्यांचे टॉवेल परदेशात जातात, त्यांच्यासाठी ही ओळ साधी नाही.

आणि लिहिणाऱ्याकडून खोटं लिहून घेऊ नका. पॉलिस्टर मिसळलेलं असताना "शंभर टक्के कॉटन" म्हणू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. "सोलापुरी चादर" हे जीआय मानांकन मिळालेलं, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालासाठीच राखलेलं नाव आहे. जीआयचा दावा छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालीय का ते आधी बघा. बाहेर कुठंतरी बनलेल्या चादरी सोलापूरच्या नावानं विकल्या जातात म्हणून आपण सगळे चिडतो. मग आपल्या पाकिटावरचा शब्द तरी खरा हवा ना.

(टॉवेलची घडी घालत.)

त्या चटणीवाल्या दादांचं पुढं काय झालं ते सांगते. त्यांनी वेबसाइट बंद ठेवली. पुढच्या गड्ड्यात स्टॉल लावला, पाकीट सोडून बरणी घेतली, आतून सील असलेली. मी तिथं गेले होते. एक बाई बरणी उलटी करून बघत होत्या. दादा त्यांना म्हणाले, "ताई, पाच मिनिटं अशीच उलटी धरा, थेंब आला तर बरणी फुकट." बाई हसल्या आणि दोन घेतल्या. मी खिशातून वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. फेब्रुवारीत आम्ही पान पुन्हा सुरू केलं. सगळ्यात वर तेच वाक्य आहे.